कुत्रा शेवटी मरत नाही असे पोलिस कुत्र्यांचे पिक्चर सांगा

आरपीडी_क्रॉस | गुरुवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. रविवारपर्यंत उत्तर पाहिजे, म्हणून थेट विषयावर येतो.

माझा मामा पोलिसात श्वान पथकात होता. शेवटची नऊ वर्षं एकाच लॅब्रेडॉर कुत्रीबरोबर काढली. स्फोटकं हुडकायचं काम. इथं बेळगावात सुवर्ण सौधात विधानसभेचं अधिवेशन म्हटलं की हे दोघं पहाटे चारला तिथं, सांबऱ्याच्या विमानतळावर कोण मोठा माणूस उतरणार असला की तिथं, आणि गणपतीत तर मामा घरात दिसायचाच नाही. दोघं मागं-पुढं निवृत्त झाले. ती नंतर केनेलातच राहिली, मामा रोज सकाळी सायकलवरून तिला बघायला जायचा. आता ती नाही. तिचं नाव इथं लिहिलेलं त्याला आवडायचं नाही, म्हणून नुसतं 'ती'.

२०२२ ला '७७७ चार्ली' लागला तेव्हा मी हौसेनं मामाला घेऊन गेलतो. रक्षित शेट्टी, ते कुत्रं, दंगा, सगळं झकास चाललेलं. चार्लीला आजार आहे असं कळलं आणि मामा उठून बाहेर गेला. पिक्चर सुटल्यावर बघतो तर पार्किंगमध्ये स्कूटरवर बसलाय. "पुढं काय होणार ते कळलं की," एवढंच बोलला.

परवा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर घरात. मामीच्या सिरियली बघून तो वैतागलाय आणि त्याच्या कॉमेंटरीनं मामी. म्हणून पोलिस कुत्रा आणि त्याचा माणूस या जोडीवरचे पिक्चर दाखवायचं ठरवलोय. अट एकच, कुत्रा मरायचा नाही. मराठी, हिंदी, कानडी काहीही चालेल. इंग्रजी असेल तर मी शेजारी बसून सांगत जाईन.

कॅम्पातला_पिक्चरवेडा | गुरुवार, रात्री १०.०५

आलो आलो. हा माझा विषय.

१९८९ साली हॉलिवूडनं तीन महिन्यांच्या अंतरानं पोलिस आणि कुत्र्याचे दोन पिक्चर काढले. एप्रिलमध्ये 'के-नाइन', जुलैमध्ये 'टर्नर अँड हूच'. पहिल्यात जेम्स बेलुशी, सॅन डिएगोचा अमली पदार्थांच्या मागे लागलेला पोलिस, आणि जेरी ली नावाचा जर्मन शेफर्ड. दुसऱ्यात टॉम हँक्स आणि एक लाळ गाळणारं अवाढव्य फ्रेंच धूड. पिक्चर म्हणून दुसराच सरस. टॉम हँक्स इतका टापटिपीचा की पाहुण्यानं चप्पल तिरकी काढली तरी झोप उडावी, आणि हूच त्याच्या घराची जी दशा करतो ती बघून मी लहानपणी सोफ्यावरून खाली पडलेलो.

पण तो मामाला दाखवू नको. का ते कळलं असेल.

'के-नाइन' दाखव. जेरी लीला गोळी लागते, दवाखान्याचा सीन आहे, तेवढा वेळ मामाच्या शेजारी बस. पण तो उठतो.

जाता जाता तांत्रिक मुद्दा. हूच पोलिस कुत्रा नव्हेच. त्याच्या म्हाताऱ्या मालकाचा खून होतो आणि तो एकटा बघितलेला असतो. म्हणजे तो साक्षीदार.

अनगोळची_आक्का | गुरुवार, रात्री १०.२२

हाचीको दाखवा की. जपानी कुत्रं आहे, स्टेशनवर मालकाला आणायला जातं रोज. किती गोड आहे.

आरपीडी_क्रॉस | गुरुवार, रात्री १०.२४

आक्का, मालक मरतो, कुत्रं नऊ वर्षं स्टेशनवर वाट बघतं आणि तेही मरतं. मामाचा गुडघा बरा करायचाय, त्याला मारायचं नाही.

अनगोळची_आक्का | गुरुवार, रात्री १०.३१

अय्यो. मी अर्धाच बघितले होते. लाईट गेली मग.

निपाणीकर_तात्या | गुरुवार, रात्री ११.१०

आक्का 😂 हेस्कॉमनं वाचिवलं तुम्हास्नी.

मेरठ_रिटर्न | शुक्रवार, सकाळी ६.१५

जय हिंद. गाव चंदगड तालुक्यात, आता हिंडलग्याला घर. फौजेतली बरीच वर्षं कुत्र्यांच्यात गेली. मेरठला लष्कराचं पशुवैद्यकीय दलाचं केंद्र आहे, तिथं शिकलो, म्हणून हे नाव.

मामांना माझा नमस्कार सांगा. आणि अगोदरच सावध करतो, कुठलाही पिक्चर लावा, ते चुका काढणार. आमचंही तसंच होतं. पिक्चरवाल्यांना कुत्र्याचे दात दिसतात, नाक दिसत नाही. चावणं, उडी मारणं, पळणाऱ्याची बाही धरून लोंबकळणं हे पडद्यावर शोभतं. स्फोटकाचं कुत्रं काय करतं? वास मिळाला की गप बसतं. भुंकत नाही, उकरत नाही, कारण पंजा कशाला लागेल सांगता येत नाही. बसतं आणि हँडलरकडं बघतं. एवढंच. हे पडद्यावर दाखवलं तर पब्लिक म्हणेल कुत्रं दमलं वाटतं.

दुसरं. त्याला बॉम्ब म्हणजे काय ते ठाऊक नसतं. देशभक्ती तर दूरच. त्याला ठाऊक असतंय की हा विशिष्ट वास सापडला की हा माणूस चेंडू देतो आणि खूष होतो. सगळं त्या चेंडूवर चाललेलं असतं. आणि उन्हात जीभ काढून धापा टाकणाऱ्या कुत्र्याकडून नाकाचं काम होत नाही, कारण श्वास तोंडानं चाललेला असतो. वीस-पंचवीस मिनिटं काम, मग सावली, पाणी. पिक्चरात दिवसभर राजस्थानच्या वाळूत पळवतात.

तिसरं म्हणजे जे लोकांना माहीतच नसतं. दिवसच्या दिवस काही सापडलं नाही की कुत्रं हिरमुसतं. मग हँडलर स्वतःच एखादा नमुना लपवून ठेवतो, कुत्र्याला तो सापडू देतो, चेंडू देतो. ९/११ नंतर न्यूयॉर्कच्या ढिगाऱ्यात जिवंत माणूस सापडेना, कुत्री खचायला लागली. तेव्हा बचाव पथकातली माणसं मुद्दाम लपून बसायची, कुत्र्यांना कुणीतरी जिवंत सापडावं म्हणून. यावर पिक्चर काढा की.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. 'मेगन लीव्ही', २०१७ चा, केट मारा. पोलिस नव्हे, अमेरिकेचं मरीन दल, पण जोडीचा पिक्चर म्हणाल तर हाच. खरी गोष्ट आहे. मेगन आणि रेक्स नावाचा जर्मन शेफर्ड, २००६ ला इराकात रमादीजवळ स्फोटात दोघं जखमी. ती नोकरी सोडून घरी आली, रेक्स नोकरीतच राहिला. मग 'ते कुत्रं मला द्या' म्हणून ती वर्षानुवर्षं मागं लागली, एका सिनेटरनंही जोर लावला, आणि २०१२ च्या एप्रिलात रेक्स तिच्या घरी आला. पिक्चरात कुत्रा मरत नाही. स्फोट आहे, तेवढं बघून घ्या.

आरपीडी_क्रॉस | शुक्रवार, सकाळी ८.०२

मेरठसाहेब, तुमची पोस्ट मामाला वाचून दाखवलो. "नमुना लपवायचो" इथं आल्यावर हसला. तिच्यासाठी तो एकदा डब्यातला नमुना स्वतःच्या बुटाच्या पेटीमागं लपवून विसरला आणि रात्री जेवताना ती त्या पेटीपुढं जाऊन बसली, ती उठेचना.

कॅम्पातला_पिक्चरवेडा | शुक्रवार, सकाळी ९.३०

'मेगन लीव्ही'ला जोरदार +१. कुत्रा आणि माणूस एकमेकांना आवडत नाहीत, मग आवडायला लागतात, हा या सगळ्या पिक्चरांचा ठरलेला साचा. तो या पिक्चरात मोडत नाही, पण तिला त्या कुत्र्याशिवाय घरी जमत नाही हा भाग खरा वाटतो.

त्याच पठडीतले आणखी दोन. 'मॅक्स' (२०१५): अफगाणिस्तानात हँडलर मरतो, त्याचं बेल्जियन मॅलिनॉइस कुत्रं धाकट्या भावाकडं येतं. मध्यानंतर शस्त्रांच्या चोरट्या व्यापाराची भानगड घुसडलीय, तिथं पिक्चर मार खातो. आणि 'डॉग' (२०२२): चॅनिंग टेटम एका मॅलिनॉइस कुत्रीला तिच्या हँडलरच्या अंत्यसंस्काराला गाडीतून घेऊन जातो. अंत्यसंस्कारानंतर तिला मारून टाकायचं ठरलेलं असतं. थांब थांब, घाबरू नको. मारत नाहीत. ती लुलू म्हणून तीन वेगवेगळी कुत्री वापरलीत. मामाला ओळखायला सांग, कुठल्या सीनला कुठली.

एक निरीक्षण. आपल्याला वाटतं अशा पिक्चरांत कुत्रा हमखास मरतो. यादी काढली तर उलटंच आहे. पुष्कळदा माणूस मरतो आणि कुत्रं मागं राहतं.

सुमा_टीचर | शुक्रवार, दुपारी १.४५

माणूस मरतो आणि कुत्रं राहतं म्हटल्यावर 'तेरी मेहरबानियां' आठवला नाही कोणाला? १९८५. जॅकी श्रॉफ मरतो आणि मोती सूड घेतो. आमच्या वाड्यात व्हीसीआर भाड्यानं आणून बघितलेला, सगळ्या बायका रडत होत्या आणि माझी आजी कुत्र्याला "हिडी, हिडी" म्हणत होती. कानडीत म्हणजे "धर, धर". तो मूळ कानडी पिक्चरच आहे बरं का, 'तालिय भाग्य', १९८४. म्हणजे श्रेय आमच्या बाजूला.

(माझी घरची भाषा कन्नड, वाढले शहापुरातल्या मराठी गल्लीत. चुका पोटात घाला.)

खरी पोलिस कुत्री पाहिजे असेल तर दावणगेरेची तुंगा. डॉबरमन. २०२० च्या जुलैत एका खुनाच्या तपासात ती माग काढत दहा-बारा किलोमीटर पळत गेली आणि ज्या घरापुढं थांबली तिथं संशयित सापडला. तेव्हा सगळ्या कानडी पेपरात तिचा फोटो होता. माझ्या वर्गातल्या पोरांना निबंधाला विषय दिला, "माझा आवडता पोलिस". अर्ध्या पोरांनी तुंगा लिहिलं.

वकील_कॉलेजरोड | शुक्रवार, संध्याकाळी ७.२०

तुंगेचा विषय निघाला म्हणून. पिक्चरातली एक गोष्ट मला कायम खुपते. कुत्रं वास घेत येतं, एका माणसापुढं थांबतं, भुंकतं, इन्स्पेक्टर बेड्या घालतो, पिक्चर संपला. कोर्टात इथून पुढं पिक्चर सुरू होतो.

सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे, अब्दुल रज्जाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यात कुत्र्याच्या मागावर दोन ठळक आक्षेप मांडलेत. एक, कुत्रं पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. मग त्याचा माणूस येऊन सांगणार की कुत्र्यानं असं केलं, म्हणजे ती ऐकीव गोष्ट झाली. दोन, माणसाचा जीव आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगू नये. त्यामुळं कुत्र्याचा माग हा तपासाला दिशा द्यायला उपयोगी, पण शिक्षा त्यावर उभी राहत नाही. तुंगा ज्या घरापुढं थांबली तिथं पोलिसांना मग बाकीचा पुरावा गोळा करावाच लागतो.

म्हणजे पिक्चरवेड्यांनी हूचला साक्षीदार म्हटलं ते मजेशीर आहे. हूच आमच्या कोर्टात उभा राहिला असता तर पहिल्या पाच मिनिटांत बाहेर काढला असता.

आरपीडी_क्रॉस | शुक्रवार, रात्री ८.१५

वकीलसाहेब, हे मामाला विचारलो. त्याच्याकडं सुरुवातीला माग काढणारी एक डॉबरमन होती. एका चोरीच्या केसमध्ये साक्षीला उभा होता. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "कुत्र्याचं शिक्षण किती?" मामा म्हणाला, "साहेब, ट्रेनिंग पास आहे." "आणि तुमचं?" "एसएसएलसी नापास." सगळं कोर्ट हसलं. मामा म्हणतो, त्या दिवसापासून मी कुत्र्याच्या बाजूनं बोलायला शिकलो, कारण ते स्वतः बोलू शकत नव्हतं आणि माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

निपाणीकर_तात्या | शुक्रवार, रात्री ९.००

सगळे लॅब्रेडॉर, शेफर्ड, मॅलिनॉइस. साता समुद्रापलीकडची कुत्री. आणि आपल्या उशाला मुधोळ हाय, त्याचं कुणीच नाव काढंना!

आमच्या आज्ज्याकडं मुधोळ होतं. काटकुळं, बरगड्या मोजून घ्या, पोट पाठीला लागल्यालं. बघणाऱ्याला वाटायचं उपाशी ठेवलाय. पण सुटलं की वारं. मुधोळच्या राजानं, मालोजीराव घोरपड्यांनी, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला ही कुत्री भेट दिल्याली. २००५ ला पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ हाय. २०१६ ला लष्करानं मुधोळची पिल्लं मेरठला न्हेली. २०२० ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. आता हिरो म्हणून पिक्चरात कधी घेणार?

मेरठ_रिटर्न | शनिवार, सकाळी ६.१०

तात्या, मुधोळ मलाही प्रिय. पण खरं सांगतो, राग मानू नका. ते डोळ्यानं शिकार करणारं कुत्रं आहे. ससा दिसला की सुटलं. वासाच्या कामाला असं कुत्रं पाहिजे जे समोर मांजर गेलं तरी खाली मान घालून नाकानंच चालेल, आणि चेंडूसाठी तेच काम शंभर वेळा करेल. लॅब्रेडॉर खादाड आणि खेळकर, म्हणून शिकवायला सोपं. मुधोळ मनस्वी. एकदा केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा तुमच्याकडं असं बघतं की आता तुम्हीच करा. पहाऱ्याला, गस्तीला, धावण्याला त्याच्यासारखं नाही.

निपाणीकर_तात्या | शनिवार, सकाळी ७.४०

"आता तुम्हीच करा" असं बघतं हे मात्र शंभर टक्के खरं. आमचा आज्जा बी तसाच बघायचा.

लोंढा_जंक्शन | शनिवार, दुपारी १२.३०

मुंबईहून लिहितोय. झंजीर कसा विसरलात? मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्रेडॉर, पुण्यात शिकलेला. १९९३ च्या स्फोटांच्या वेळी त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले. २००० च्या नोव्हेंबरात हाडांच्या कर्करोगानं गेला. सलामी देऊन पुरला. तो फुलं वाहिलेला फोटो बघितला की अजूनही घशात येतं.

आणि २६/११ ची चौघं, मॅक्स, सुलतान, टायगर, सीझर. निवृत्तीनंतर विरारला एका फार्मवर एकत्र राहायची. एक गेला की बाकीचे झुरायचे. २०१६ या एकाच वर्षात चौघंही गेले. सीझर शेवटचा.

बीडचा रॉकीसुद्धा. ३०० हून जास्त गुन्ह्यांच्या तपासात मदत केलेला, 'मन की बात'मध्ये त्याचंही नाव आलं. आणि लष्कराची मानसी, २०१५ ला काश्मीरमध्ये तंगधारला तिच्या हँडलरबरोबर हुतात्मा झाली. २०२२ ला ॲक्सल. त्याच वर्षी झूम. २०२३ ला केंट, हँडलरला वाचवताना.

आरपीडी_क्रॉस | शनिवार, दुपारी १२.४१

लोंढा, अरे बाबा. धाग्याचं नाव वाच. कुत्रा शेवटी मरत नाही. तू एका पोस्टीत दहा मारलास.

लोंढा_जंक्शन | शनिवार, दुपारी १२.५५

खरंय. माफी. पण पिक्चर काढायचा तर झंजीरवर काढावा हे माझं मत कायम आहे. आणि त्यात गाणी नकोत.

कॅम्पातला_पिक्चरवेडा | शनिवार, दुपारी १.१०

झंजीरवर काढायचा असेल तर शेवट कर्करोगावर नको. १९९३ चा मार्च, कुठल्याशा गल्लीतली बेवारस स्कूटर, कुत्रं जाऊन तिच्याजवळ बसतं, हँडलर बघतो, गर्दीला मागं हटवतो. त्या दोन मिनिटांवर अख्खा पिक्चर उभा राहतो. स्फोट दाखवायचाच नाही. स्फोट झाला नाही हीच तर गोष्ट.

(कॅम्पातल्या ग्लोबमध्ये इंग्रजी पिक्चर बघून मोठा झालेला माणूस असंच बोलणार, सांभाळून घ्या.)

कुत्र्यांचे पिक्चर ही नवी फॅशन नव्हे. पहिल्या महायुद्धात, १९१८ ला, फ्रान्समधल्या रणांगणावर एका अमेरिकन सैनिकाला जर्मन शेफर्डची पिल्लं सापडली. त्यातलं एक म्हणजे रिन टिन टिन. वॉर्नर ब्रदर्सचा मूकपटातला मोठा स्टार झाला. संवाद नाहीत, त्यामुळं कुत्रा आणि माणूस दोघंही बरोबरीचे नट.

रायगडचा_पाईक | शनिवार, दुपारी ३.००

इतिहासातला सगळ्यात स्वामिनिष्ठ कुत्रा म्हणजे वाघ्या, आणि त्याच्याबद्दल जे राजकारण

संपादक_मंडळ | शनिवार, दुपारी ३.०४

वाघ्याचा विषय इथं नको. वेगळा धागा काढा. तिथंही नकोच. पुढचा मजकूर काढला आहे.

अनगोळची_आक्का | शनिवार, संध्याकाळी ५.१५

मला एक शंका आहे. ही कुत्री कुठल्या भाषेत ऐकतात? कानडी का मराठी?

सुमा_टीचर | शनिवार, संध्याकाळी ५.२०

आक्का, हा प्रश्न बेळगावात विचारू नये 🙏

आरपीडी_क्रॉस | शनिवार, संध्याकाळी ५.४८

मामाला विचारलो. हुकूम इंग्रजीत. सिट, डाऊन, स्टे, हील, सर्च. मामा म्हणतो, चौकात पाट्यांवरून दगड चाललेले असायचे आणि आमची ही मध्येच "सिट" म्हटलं की बसायची, तिला काही घेणं-देणं नव्हतं. लाडात मात्र तो तिच्याशी मराठी बोलायचा आणि मामी कानडी, कारण मामी गोकाकची. तिला तिन्ही कळायचं.

आरपीडी_क्रॉस | रविवार, रात्री ११.०५

अहवाल.

आज 'के-नाइन' लावला. मामानं पहिल्या दहा मिनिटांत निकाल दिला, "हा कुत्रा वास घेत नाही. कॅमेऱ्याच्या मागं कुणाच्या हातात चेंडू आहे ते बघतोय." मग मीही बघायला लागलो आणि खरंच, जेरी ली सारखा चौकटीच्या बाहेर डाव्या कोपऱ्यात बघतो. आता मला तो पिक्चर कधीच पूर्वीसारखा बघता येणार नाही.

पुढं बेलुशी कुत्र्याला गाडीत सोडून जातो तेव्हा मामा उठून बसायला लागला, गुडघ्याचं विसरून. "काच बंद आहे! काच बंद आहे!" मी म्हटलो, "मामा, पिक्चर आहे." म्हणाला, "कुत्र्याला पिक्चर आहे ते माहीत नाही."

दवाखान्याच्या सीनला माझ्याकडं बघून विचारलं, "उठतो नव्हे?" मी उठतो म्हणालो. मग बघितला. उठल्यावर म्हणाला, "एवढ्या लवकर टाके सुकत नाहीत."

मेरठ_रिटर्न | सोमवार, सकाळी ६.०५

हाहा. मामांबरोबर एकदा चहा प्यायला यावं लागणार.

आरपीडी_क्रॉस | मंगळवार, रात्री १०.३०

या की, हक्कानं या. कुंदा घेऊन ठेवतो.

आज 'मेगन लीव्ही'. यावेळी कॉमेंटरी कमी होती. सुरुवातीला केट मारानं दोर हाताला गुंडाळला तेव्हा "असं नाही, असं नाही, ओढलं तर मनगट जाईल" झालं. त्यानंतर गप्प. रेक्स तिला मिळत नाही, कागद फिरतायत, सही होत नाही, त्या सगळ्या भागात एक शब्द नाही. पिक्चर संपल्यावर मामी म्हणाली, "तुम्ही का नाही मागितलं तिला?" मामा म्हणाला, "मागितलं होतं."

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं हे. मामीलाही नाही.

पुढं विचारलो नाही.

मेरठ_रिटर्न | बुधवार, सकाळी ६.००

आता तरी दिवस जरा बदललेत. लष्करात पूर्वी निवृत्त कुत्र्याचं काय व्हायचं ते इथं लिहीत नाही, धाग्याच्या अटीत बसत नाही. आता लोक दत्तक घेऊ शकतात. अमेरिकेतही २००० सालापर्यंत लष्करी कुत्रं घरी न्यायची सोय नव्हती. त्या वर्षी कायदा झाला, त्याला 'रॉबी'ज लॉ' म्हणतात. रॉबी कुत्र्याचं नाव, त्याच्या हँडलरनं मागितलेला. त्याला काही मिळाला नाही.

कॅम्पातला_पिक्चरवेडा | बुधवार, सकाळी १०.१२

आता हलका लाव. 'रेस्क्यूड बाय रुबी', २०२२, नेटफ्लिक्सवर आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचा पोलिस, त्याला श्वान पथकात जायचंय पण विकतचं कुत्रं परवडत नाही. निवाऱ्यातली रुबी घेतो. अति दंगेखोर म्हणून लोकांनी परत आणून दिलेली. पुढं ती एका हरवलेल्या मुलाचा शोध लावते, आणि तो मुलगा निघतो निवाऱ्यात रुबीची बाजू घेणाऱ्या बाईचाच. ही खरी घटना, २०१७ ची. लिहिणाऱ्यानं असं लिहिलं असतं तर मी फिल्मी म्हणून नाक मुरडलं असतं.

पिक्चर साधाच आहे, रविवारी दुपारी जेवून बघायचा. पण त्यात कुत्रं घर फोडतं, आणि कुत्रं जगतं.

अनगोळची_आक्का | बुधवार, सकाळी १०.४०

मी पण बघते हा. पूर्ण बघते.

आरपीडी_क्रॉस | शुक्रवार, रात्री ९.५५

'रुबी' बघून झाला. मामाला आवडला. "ही बरोबर आहे," म्हणाला, "सुरुवातीला नको म्हणणारंच कुत्रं चांगलं निघतं." आमची ती पण ट्रेनिंगला सहा महिने कुणाचं ऐकायची नाही, हे पहिल्यांदाच सांगितलं. आणि बोलता बोलता तिचं नाव घेतलं. दोनदा.

मग मला म्हणाला, "ते लाळ गाळणारं कुठलं म्हणत होतास? ते लाव उद्या."

मी सांगितलो, मामा त्यात कुत्रा मरतो.

"माहीत आहे की. तू धागा मोठ्यानं वाचलास. शेवटची दहा मिनिटं मी आत जातो. तुझी मामी बघंल आणि मला सांगंल काय झालं ते."

मामी किचनमधून ओरडली, "मी नाही बघणार."

उद्या दुपारी तीनला लावतोय. मेरठसाहेब, त्या वेळेला आला तर बरं होईल. आत मामाजवळ बसायला कुणीतरी पाहिजे.